एका सामन्याचा हंगाम

बाद पद्धतीच्या स्पर्धेचं गणित कठोर असतं. ६४ संघ मैदानात उतरले, की पहिल्याच फेरीत ३२ संघ घरी जातात. सहा फेऱ्यांनंतर एक विजेता उरतो आणि त्याच्याही खात्यावर जेमतेम सहा सामने जमा झालेले असतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येतं ते चषक उंचावणाऱ्या अकरा जणांचं. पहिल्या फेरीत परतलेल्या ३२ संघांतल्या साडेतीनशे मुलांचा हंगाम मात्र दीड तासात संपलेला असतो.

छोट्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन फुटबॉलबद्दल बोलायचं, तर या साडेतीनशे मुलांपासून सुरुवात करावी लागते.

भंडारा जिल्ह्यातली महाविद्यालयं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. भंडाऱ्याचं जे. एम. पटेल, साकोलीचं एम. बी. पटेल, तुमसरचं एस. एन. मोर, लाखनीचं समर्थ ही जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची सर्वांना ठाऊक असलेली नावं. इथला एखादा विद्यार्थी फुटबॉलमध्ये मोठं व्हायचं मनात धरतो, तेव्हा त्याच्यापुढची वाट ठरलेली असते. आधी महाविद्यालयाचा संघ. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तिथे डोळ्यांत भरला, तर विद्यापीठाच्या संघाचं निवड शिबिर. विद्यापीठाच्या संघातून खेळला, की तो ‘कलर होल्डर’ होतो, आणि नागपूर विद्यापीठाच्या परिसरात या दोन शब्दांना फार मान आहे. गावातल्या ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे ठाऊक नसतं, तेही ‘पोरगा युनिव्हर्सिटी खेळला’ हे मात्र अभिमानानं सांगतात.

विद्यापीठाच्या पुढची पायरी भारतीय विश्वविद्यालय संघाची. १९२५ साली सुरू झालेली ही संस्था देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धा भरवते. त्यासाठी देशाचे चार विभाग केलेले आहेत. महाराष्ट्रातली विद्यापीठं पश्चिम विभागात येतात. गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश हे त्यांचे प्रतिस्पर्धी. विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. तिथला चषक सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाचा आहे, कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून ज्यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे ते. खेळाडूचं वय पंचविशीच्या आत हवं. म्हणजे बारावीनंतर पदवी आणि फार तर पदव्युत्तर शिक्षणाची चार-पाच वर्षं, एवढाच काय तो अवधी. त्यातलं एक वर्ष पहिल्या फेरीतल्या पराभवात गेलं, दुसरं घोटा मुरगळल्यामुळे गेलं, तर उरतं किती?

एका सामन्यावर मुलाची पारख करणं हा त्याच्यावर अन्याय आहे, हे फुटबॉल खेळलेला कुणीही सांगेल. सरावात समोर असतात ते आपलेच मित्र. कोण डाव्या पायानं मारतो, कोण दमला की मागे राहतो, हे सगळं पाठ असतं. सामन्यात अनोळखी पाय समोर येतात. त्यांचा वेग, त्यांची चलाखी, धक्का मारण्याची पद्धत, सगळंच नवं. बचाव फळीतल्या चौघांनी एका रेषेत पुढे सरकायचं कधी आणि मागे फिरायचं कधी, हे फळ्यावर खडूनं काढून शिकवता येतं. पण अंगवळणी पडतं ते समोरच्या संघाच्या आघाडीवीरानं दोन-चारदा चकवून गोल केल्यावरच. गोलरक्षकाचं तर पुरतंच असं आहे. उंचावून आलेला कॉर्नर झेलायला पुढे यायचं की गोलरेषेवर थांबायचं, हा निर्णय अर्ध्या क्षणाचा असतो. तो चुकत चुकतच पक्का होतो. ज्या गोलरक्षकाला वर्षात एकच स्पर्धात्मक सामना मिळतो, त्याला चुकायलाही वाव नाही आणि शिकायलाही नाही.

विदर्भात या गोष्टीचा पडताळा क्रिकेटनं घेतलेला आहे. विदर्भाच्या संघानं २०१७-१८ साली रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला, पुढच्याच वर्षी तो राखला आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा मिळवला. या यशाची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक स्पर्धेच्या रचनेत आहे. २०२४-२५ च्या हंगामात विदर्भाच्या गटातल्या प्रत्येक संघाला सात साखळी सामने मिळत होते. पहिल्या सामन्यात हरलेला संघ दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मैदानात दिसतो. कर्णधाराला चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो, नवख्या गोलंदाजाला दुसरी संधी मिळते. शिवाय क्रिकेटमध्ये विदर्भाचा स्वतंत्र संघ आहे. फुटबॉलमध्ये तसं नाही. इथल्या खेळाडूला महाराष्ट्राच्या संघातच जागा मिळवावी लागते, आणि तिथे त्याची गाठ मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या मुलांशी पडते, जी लीग सामने खेळून तयार होऊन आलेली असतात. राज्यांच्या संतोष करंडकावर मुंबई-महाराष्ट्राचं नाव १९५४, १९६३, १९९० आणि १९९९ अशा चार हंगामांत कोरलं गेलं. त्यानंतर पाव शतक उलटून गेलं.

फुटबॉल पूर्व विदर्भाला परका मात्र मुळीच नाही. भारतात हा खेळ लष्कराबरोबर आला. शिमल्याचा ड्युरँड करंडक १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स करंडक १८९१ चा, आणि दोन्ही सुरुवातीला पलटणींचेच. नागपूरजवळ कामठीला १८२१ पासून छावणी आहे. छावणीच्या या गावात फुटबॉल असा रुजला, की आजही रब्बानी क्लबचं नाव घेतलं की नागपूरकर रसिक सरसावून बसतो. नागपुरात यंग मुस्लिम, राहुल क्लब असे संघ आहेत, जिल्हा संघटनेच्या लीग सामन्यांची परंपरा आहे. भंडाऱ्याहून हे सगळं साठेक किलोमीटरवर. एसटीनं दीड-दोन तास. तरीही लाखांदूर किंवा पवनीच्या मुलाला संध्याकाळचा सामना खेळून रात्री घरी पोहोचणं जमत नाही.

याच नागपुरात एका महाविद्यालयाच्या क्रीडा शिक्षकानं सामन्यांचा हा प्रश्न वेगळ्याच टोकाकडून सोडवला.

हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चं, मध्य भारतातल्या जुन्या महाविद्यालयांपैकी एक. विजय बारसे तिथे क्रीडा शिक्षक होते. २००१ च्या सुमारास, भर पावसात, झोपडपट्टीतली मुलं त्यांच्या दृष्टीस पडली. ती मुलं एक तुटकी प्लास्टिकची बादली पायानं लाथाडत खेळत होती. बारसे सरांनी पाहिलं, की जोपर्यंत ही मुलं खेळताहेत तोपर्यंत ती दुसऱ्या कशातही नाहीत. भांडणात नाहीत, नशेत नाहीत. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. कुठल्याही दयाळू माणसानं एवढं केलंच असतं. बारसे सरांचं मोठेपण पुढच्या पावलात आहे: चेंडूपाठोपाठ त्यांनी सामने दिले.

‘झोपडपट्टी फुटबॉल’ या नावानं त्यांनी शहरातल्या वस्त्यांची स्पर्धा भरवली आणि तिला १२८ संघ आले. हा आकडा एकदा नीट डोळ्यांपुढे आणायला हवा. निव्वळ बाद पद्धतीनं धरलं, तरी १२८ संघांचा निकाल लागायला १२७ सामने लागतात. तेवढ्या सामन्यांना मैदान हवं, पंच हवेत, वेळापत्रक हवं, पिण्याचं पाणी हवं, भांडण झालं तर मध्ये पडणारं कुणीतरी हवं. महाविद्यालयाचा क्रीडा शिक्षक नेमका याच कामात वाकबगार असतो. वर्षानुवर्षं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरवून कमावलेलं कौशल्य बारसे सरांनी कुंपणापलीकडच्या मुलांसाठी वापरलं. पुढे ही स्पर्धा शहराबाहेर पसरली. क्रीडा विकास संस्था आणि ‘स्लम सॉकर’ या नावानं काम उभं राहिलं. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून त्यांनी नागपूरजवळ जमीन घेतली, मुलांना स्वतःचं मैदान मिळावं म्हणून. पत्नी रंजना यांची साथ होती. मुलगा अभिजित यानं पुढे संस्थेची धुरा घेतली. २०१६ साली ‘फिफा’चा विविधता पुरस्कार या नागपूरच्या संस्थेला मिळाला. जगातल्या फुटबॉलची सर्वोच्च संस्था पुरस्कार देते आणि तो विदर्भातल्या एका क्रीडा शिक्षकानं सुरू केलेल्या कामाला मिळतो, ही बातमी आपल्याकडे जेवढी गाजायला हवी होती तेवढी गाजली नाही.

गाजला तो चित्रपट. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्यात अमिताभ बच्चन यांनी साकारलेले विजय बोराडे हे पात्र बारसे सरांवर बेतलेलं आहे. चित्रीकरण नागपुरातच झालं आणि भूमिकांसाठी बरीच मुलं नागपूरच्याच वस्त्यांतून निवडली गेली. अंकुश गेडाम हा त्यातलाच. त्याला पदार्पणासाठीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. चित्रपटात एक भिंत आहे. भिंतीच्या एका बाजूला वस्ती आणि दुसऱ्या बाजूला महाविद्यालयाचं मैदान. वस्तीतल्या मुलांची पहिली मोठी लढत होते ती महाविद्यालयाच्या संघाशीच. हा प्रसंग पाहताना प्रेक्षक वस्तीच्या बाजूनं टाळ्या पिटतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या महाविद्यालयाच्या अकरा मुलांकडेही कुणी पाहिलं पाहिजे. त्या सामन्यानं त्यांचाही फायदा होतो. कसलेला, हार न मानणारा प्रतिस्पर्धी त्यांना स्वतःच्या मैदानावर मिळतो.

बारसे सरांच्या मुलांना पुढे जी स्पर्धा मिळाली, तिची रचना विशेष लक्ष देण्याजोगी आहे. होमलेस वर्ल्ड कप, म्हणजे बेघर माणसांसाठीची विश्वचषक स्पर्धा, २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. मेल यंग आणि हॅराल्ड श्मीड या दोघांची ती कल्पना. मैदान २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे गावातल्या शाळेच्या पटांगणातही मावेल एवढं. प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून चौघे. सात-सात मिनिटांचे दोन डाव, एकूण १४ मिनिटं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पहिल्या पराभवानंतर कुणालाही घरी पाठवत नाहीत. संघांची ताकदीप्रमाणे गटवारी होते आणि प्रत्येक गटाचा चषक वेगळा असतो. त्यामुळे तळातला संघसुद्धा शेवटच्या दिवसापर्यंत काहीतरी जिंकण्यासाठी खेळत राहतो. एका खेळाडूला आयुष्यात एकदाच या स्पर्धेत उतरता येतं, पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्याला मिळते. एका आठवड्यात इतके सामने, इतके वेगवेगळे प्रतिस्पर्धी, इतक्या चुका करण्याची मुभा! आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांना चार वर्षांच्या महाविद्यालयीन आयुष्यात हे मिळतं?

२०१० साली ही स्पर्धा रिओ दि जानेरोत कोपाकबानाच्या किनाऱ्यावर झाली. भारताच्या संघाचा कर्णधार होता नागपूरचा अखिलेश पॉल. वस्तीतल्या मारामाऱ्या, जुगार, पाठीवर पोलीस, अशा दिवसांतून फुटबॉलनं आपल्याला कसं बाहेर काढलं, हे त्यानं २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी मालिकेत स्वतःच्या तोंडून सांगितलं. देशानं ते ऐकलं. २०१० च्या त्या स्पर्धेत ब्राझीलनं पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदं घरच्या मैदानावर मिळवली. भारताला चषक मिळाला नाही. तरीही अखिलेशनं परत येऊन मुलांना शिकवायला घेतलं, आणि नागपूरच्या फुटबॉलसाठी ते कुठल्याही चषकापेक्षा मोलाचं ठरलं.

वर्षभराचा हंगाम काय करू शकतो, हे पाहायला मराठी वाचकानं राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कोल्हापूरला जावं. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, जुना बुधवार, संध्यामठ, फुलेवाडी, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ या नावांत शहराच्या पेठा आहेत. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल दत्तक घेतला आणि तो पोटच्या पोरासारखा वाढवला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगनं हंगाम उघडतो आणि मग एकामागून एक चषक-स्पर्धा छत्रपती शाहू स्टेडियमवर उन्हाळ्यापर्यंत चालू राहतात. हजारो माणसं तिकीट काढून येतात. पराभूत संघाला पुढच्या महिन्यात परतफेडीची संधी असते, त्यामुळे पेठेतली चर्चाही थांबत नाही. या हवेतून अनिकेत जाधव आला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. भारतात फिफाची कुठलीही विश्वचषक स्पर्धा होण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या विश्वचषकाच्या निमित्तानं भंडाऱ्याच्या शाळांपर्यंतही चेंडू पोहोचला होता. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनानं ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ ही मोहीम घेतली. एकाच दिवशी राज्यभरातल्या दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळावं, हे उद्दिष्ट होतं. शाळाशाळांना फुटबॉल वाटले गेले. मंत्र्यांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांनी चेंडूला पाय लावला. उत्साह खरा होता, मुलांचा आनंदही खरा होता. पण मोहीम एका दिवसाची होती. १६ सप्टेंबरला कुणाचा कुणाशी सामना, हे कुठल्याही वेळापत्रकात नव्हतं. शाळकरी मुलांसाठी १९६० पासून सुब्रतो करंडक आहे, जिल्हा, विभाग, राज्य असं करत तो दिल्लीपर्यंत नेतो. पण त्याही वाटेवर पहिला पराभव हाच बहुतेक शाळांसाठी शेवटचा सामना ठरतो.

भंडाऱ्याला सगळ्यांत जवळचं उदाहरण मात्र कोल्हापूरपेक्षाही लांबचं आहे. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात तेन्हिपालम इथे कालिकत विद्यापीठ आहे, १९६८ साली सुरू झालेलं. म्हणजे नागपूर विद्यापीठापेक्षा ४५ वर्षांनी लहान. आशुतोष मुखर्जी चषक या विद्यापीठानं अनेकदा जिंकला आहे. त्याचं रहस्य विद्यापीठाच्या आवारात कमी आणि आजूबाजूच्या भातखाचरांत जास्त आहे. मलबारमध्ये पावसाळी भात निघाला, की मोकळ्या झालेल्या खाचरांत फुटबॉल सुरू होतो. अकराऐवजी सात-सात जणांचा. ‘सेव्हन्स’ म्हणतात त्याला. नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत गावोगावी स्पर्धा, संध्याकाळी दिवे लावून, बांबू आणि फळ्यांची तात्पुरती गॅलरी उभारून. राष्ट्रीय फुटबॉल महासंघ या प्रकाराला अधिकृत मानत नाही, पण मलप्पुरमच्या माणसाचं त्यावाचून अडत नाही. आफ्रिकेतले व्यावसायिक खेळाडू तिथे हंगामापुरते येऊन खेळतात. या स्पर्धाही बाद पद्धतीच्याच असतात. फरक एवढाच, की तिथे एका गावात हरलं तर पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावात दुसरी स्पर्धा लागलेली असते. महाविद्यालयात पाऊल टाकण्याआधीच तिथल्या मुलाच्या पायांत शेकडो सामने मुरलेले असतात.

भातखाचरं भंडाऱ्याला वेगळी सांगायला नकोत. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा जिल्हा. दिवाळीच्या मागेपुढे धान कापणीला येतो, चुरणी होते, तुमसरची बाजारपेठ गजबजते. याच दिवसांत गावोगावी मंडईची जत्रा भरते. दंडार, नाटक आणि त्यांच्या जोडीला कबड्डीचे सामनेही होतात. म्हणजे पाहुणे जमवायचे, प्रेक्षक बसवायचे, बक्षिसाची वर्गणी गोळा करायची, रात्र जागवायची, यातलं काहीही पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीला नव्यानं शिकावं लागत नाही. सगळ्याच बांध्या रिकाम्या नसतात, हेही खरं. कुठे लाखोरी टाकलेली असते, कुठे हरभरा, ओलिताच्या भागात उन्हाळी धान. तरी पडीत राहणारी एखादी मोठी बांधी, शाळेचं पटांगण, तलावाकाठची गावठाणाची मोकळी जागा, यांतलं काहीतरी प्रत्येक गावात आहेच. अकरा जणांच्या फुटबॉलला साधारण १०५ मीटर लांब मैदान लागतं, सात जणांच्या खेळाला त्याच्या निम्मंही पुरतं.

मग हिशेब मांडून पाहायला काय हरकत आहे? जिल्ह्यात सात तालुके आहेत: भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी. प्रत्येक तालुक्यातल्या महाविद्यालयांनी मिळून एक संघ उभा करायचा. साखळी पद्धतीनं प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. सात संघांचे एकूण २१ सामने होतात. एका रविवारी तीन सामने, एक संघ विश्रांतीला. अशा सात रविवारांत लीग पुरी होते. शेवटचा संघ असो की पहिला, प्रत्येकाच्या वाट्याला सहा सामने. ६४ संघांच्या बाद स्पर्धेत सहा सामने फक्त विजेत्याला आणि उपविजेत्याला मिळतात, ते इथे सगळ्यांना मिळतील. एका संघात बारा मुलं धरली, तर ८४ मुलं सात आठवडे खेळत राहतील, आणि विद्यापीठाच्या संघाची निवड करणाऱ्यांना एका दिवसाऐवजी एका हंगामाचा खेळ पाहायला मिळेल.

मुलींची लीग याच रविवारी, याच मैदानावर व्हायला हवी. पुढच्या वर्षी पाहू, असं म्हणून ती मागे ठेवू नये. आंतरविद्यापीठ स्पर्धा मुलींसाठीही आहे, सुब्रतो करंडकात १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे, २०२२ मध्ये मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि त्याचे काही सामने नवी मुंबईत खेळले गेले. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि ते मुलींनाही तेवढंच लागू आहे. गावातल्या मुलीला फुटबॉल खेळायला पाठवताना आईवडील दोन गोष्टी विचारतात: सोबत कोण आहे, आणि अंधार पडायच्या आत परत येईल ना? तालुक्याच्या ठिकाणी रविवारी सकाळी सामना असेल, सोबत महाविद्यालयाच्या मॅडम असतील, तर या दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे. नागपूरला मुक्कामी होणाऱ्या निवड चाचणीला ते नाही.

अडचणी आहेत. पंच कमी आहेत. प्राध्यापकांवर कामाचा बोजा आहे. बूट महाग आहेत आणि ज्याच्या घरी कापणी-मळणीचे दिवस आहेत तो मुलगा प्रत्येक रविवारी मोकळा असेलच असं नाही. पण पंच तयार करता येतात. खेळणं संपलेल्या माजी विद्यार्थ्यांना चार दिवसांचं शिबिर देऊन शिट्टी हाती देता येते. सात जणांचा खेळ साध्या कॅनव्हास बुटांतही होतो. धानाची घाई ओसरल्यावर, डिसेंबरच्या मध्यावर लीग सुरू केली, तर शेतकऱ्याचा मुलगाही येऊ शकतो. तोवर त्या वर्षीची विद्यापीठ स्पर्धा होऊन गेलेली असेल. त्यानं बिघडत नाही, ही तयारी पुढच्या वर्षाची समजावी.

विजय बारसे यांच्याजवळ सुरुवातीला एक चेंडू, एक नोकरी आणि स्पर्धा भरवण्याचा अनुभव एवढंच होतं. भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाजवळ आज याहून जास्त आहे. सातही तालुक्यांतल्या प्राचार्यांनी आणि शारीरिक शिक्षण संचालकांनी एकदा एकत्र बसावं, २१ सामन्यांचं वेळापत्रक कागदावर आखावं आणि येत्या मंडईच्या हंगामानंतर पहिला सामना लावावा. ज्या वाचकांच्या गावात मैदान आहे, त्यांनी ते त्या रविवारी मोकळं ठेवावं.